अर्थिंग

सुई तीनवर.
हिराजीकाका म्हणाले, "लाट परत येते."
म्हणजे?
"म्हंजे तू बोलशील, आवाज वायरीतनं अँटेनापर्यंत जाईल
नि तिथनंच माघारी फिरेल. एक दिवस सेटच जाळील.
बाहेर जानार काय नाय."

दिवाळ्याच्या बंदरावर चाळीस वर्षं त्यांनी
होड्यांचे सेट दुरुस्त केले. जिप्सी म्हणजे त्यांच्या मते
चाकं लावलेलं होडकं, तेही गळकं.

बेलापूर, आमच्या बिल्डिंगचं पार्किंग.
सकाळपासून मी डॅशबोर्डखाली उताणी,
दातांत स्क्रू, छातीवर टॉर्च.
लाल वायर थेट बॅटरीला, फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ.
फायरवॉलला भोक, भोकात रबरी ग्रोमेट:
"पत्रा वायर कापतो गो. हळूहळू, कुनाला न कळता."
अठरा फूट केबल. उरलेलीचं वेटोळं केलं तर ओरडले,
"साप नको करू तिचा!"

सोसायटीचे सेक्रेटरी वाकून बघून गेले:
"यावर टीव्ही दिसतो का?"
वॉचमनला पोलिसांची काळजी.
मोबाइल असताना हे कशाला,
याचं उत्तर मी सगळ्यांना एकच दिलं:
माळशेजच्या अलीकडे रेंज जाते.
रेंज जातेच. पण फोन उन्मेष
पूर्ण रेंजमध्येही उचलत नाही.

माझा भाऊ. पुढे त्याची थार, मागे माझी जिप्सी,
ऐरोलीचं घर विकल्यापासून दोन वर्षं
प्रत्येक ट्रेलवर हातवाऱ्यांवर चाललंय आमचं.
डावीकडे खड्डा. थांब. दोर टाक.
एकदा चिखलात रुतले तेव्हा विंच लावून ओढलं त्याने मला,
हुक सोडवला, हात पुसले
आणि काही न बोलता गाडीत जाऊन बसला.
हा सेट त्यानेच पाठवला.
नेरूळहून बेलापूरला, कुरिअरने.

काकांनी मीटर थोपटला. अँटेनाचा ब्रॅकेट हलवून पाहिला.
मग म्हणाले, "अर्थ लागत नाय."
मला वाटलं, माझ्याबद्दल बोलतायत.
"रंग खरवड. धातूला धातू लागला पायजे."

मागच्या दाराच्या बिजागरीपाशी पॉलिश पेपर घासला.
वरचा मातकट, माझा.
त्याखाली पांढरा, उन्मेषचा, कॉलेजातला,
ब्रशचा एक केस अजून त्यात अडकलेला.
त्याखाली बाटलीहिरवा.
बाबांनी गाडी घेतली तेव्हाचा.
हात थांबला.
काका बिडी न पेटवता नुसती धरून होते.
"अजून," म्हणाले.
हिरव्याखाली तांबूस प्रायमर,
आणि मग एकदम उघडा पत्रा, नखाएवढा,
त्यावर कुणाचाच रंग नव्हता.

दातेरी वॉशर. बोल्ट. पाणी शिरू नये म्हणून वर ग्रीस.
सुई दीडवर.
टोकाची तार अर्धा सेंटिमीटर कापली; सव्वावर.
काका हात धुवायला नळाकडे निघाले.
"आता जाईल बाहेर. कुठं जाईल, ते माझं काम नाय."

मेसेज आला होता, एवढाच: चॅनल १४. सहा वाजता.
सहाला तो पारसिकच्या टेकडीवर गाडी लावून असणार.
मी इंजिन बंद ठेवलं,
चालू असलं की स्पीकरमध्ये कावळे भांडतात.
माइकचं बटण दाबलं. शब्द सुचेना.
आणि बटण दाबलेलं असेपर्यंत समोरचा ऐकू येत नाही,
हे काकांनी दोनदा बजावलेलं.
सोडलं.
खरखर. पुन्हा खरखर.

"...नुसतं बटण दाबून बसू नकोस," तो म्हणाला,
"बॅटरी खातं ते. आणि तुझ्या मागच्या उजव्या टायरात
हवा कमी आहे. गेल्या वेळीच बघितलं होतं.
ओव्हर."

उतरून टायर पाहिला.
कमी होती.